मुहूर्ताची घटका आणि छायाचित्राची घटका

गेल्या वैशाखांत शाहूपुरींतील एका स्नेह्यांकडे कार्य होतें. मुहूर्त दुपारीं 12 वाजून 35 मिनिटांचा. आम्ही अक्षता घेऊन उभे, भटजी मंगलाष्टकें म्हणावयास सिद्ध; परंतु वधूवरांचा पत्ता नाहीं! चौकशी करितां कळलें कीं, फोटोग्राफर त्यांना गच्चीवर घेऊन गेले आहेत. मुहूर्त कसाबसा साधला. जेवणें झाल्यावर पुन्हा तोच प्रकार. सायंकाळच्या उन्हासाठीं वधूवरांना रंकाळ्यावर नेलें. तीं परतलीं साडेसातांनंतर. वधूच्या 86 वर्षांच्या आजी नमस्कार घेण्यासाठीं पांच वाजल्यापासून बसून होत्या. त्या बसल्या जागींच झोंपीं गेल्या. पुढें भाद्रपदांत आजी वारल्या. घरच्यांनीं तो जाडजूड आल्बम उघडून पाहिला, तों त्यांत आजी एकदांच सांपडल्या, आणि त्याहि पाठमोऱ्या.

अशा प्रसंगावरून छायाचित्रांनाच नांवें ठेवणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांपैकीं नव्हे. आजींचें एक चांगलें छायाचित्र असतें, तर त्या घराला आज केवढें समाधान वाटलें असतें! दोष आहे तो आयत्या वेळीं उजेड शोधण्याचा. आचारी, वाजंत्री, पत्रिका यांची योजना महिनोगणती आधीं होते. उजेडाचा विचार मात्र ऐन कार्याच्या दिवशीं सुचतो.

वास्तविक उजेड हा पंचांगाचाच विषय आहे. प्रमाणवेळेचें रेखावृत्त आपल्या बरेंच पूर्वेस असल्यामुळें कोल्हापुरांत वैशाखमासीं खरा मध्यान्ह 12 ला न होतां साडेबाराच्या सुमारास होतो. अभिजित् मुहूर्त त्याच्या अलीकडे एक घटका व पलीकडे एक घटका. त्यांतून 6 मेच्या आसपास सूर्य येथें बरोबर माथ्यावर येतो. उभ्या काठीला सावली उरत नाहीं. अशा उन्हांत माणूस उभें केलें कीं भुवयांची सावली डोळ्यांवर व मुंडावळ्यांची गालांवर पडते. तेव्हां दुपारचा मुहूर्त आणि गच्ची यांची सांगड बसावयाचीच नाहीं.

त्यावर उपाय मुहूर्त लांबविणें हा नव्हे, मांडव विचारपूर्वक घालणें हा होय. मांडवाचें छत पांढरें असावें. तांबडें-पिवळें कापड वर असलें कीं तोच रंग खालच्या चेहऱ्यांवर उतरतो. एखादी बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे आंत सौम्य उजेड येतो. गौरीहर खिडकीजवळ मांडावा. तेथें पूजा करीत बसलेल्या वधूचें छायाचित्र गच्चीवरील दहा छायाचित्रांहून सरस उतरतें, आणि त्यासाठीं कोणासहि ताटकळावें लागत नाहीं.

ज्यांना सायंकाळचाच उजेड हवा, त्यांनीं जोशांकडे जातांनाच गोरज मुहूर्ताची विचारणा करावी. रामदैवज्ञांनीं शके 1522 मध्यें रचिलेल्या मुहूर्तचिंतामणींत गोरजाची वेळ सूर्याच्या रूपावरून ठरविली आहे. हेमंतांत तेज ओसरून सूर्य नुसता गोळा दिसूं लागला म्हणजे, उन्हाळ्यांत तो अर्धा मावळला म्हणजे, आणि पावसाळ्यांत पूर्ण मावळल्यावर, असे तीन प्रकार तेथें सांगितले आहेत. फोटोग्राफर ज्या मृदु उजेडासाठीं धडपडतात, तो याच वेळचा. मात्र येथें मार्गशीर्षांत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, तर वैशाखांत सातच्या किंचित् आधीं. आणि तो उजेड फार वेळ टिकत नाहीं. म्हणून सर्व सिद्धता आधींच झालेली असावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वडीलधाऱ्यांची. कार्याच्या दिवशीं सकाळीं सात ते साडेआठ हा वेळ त्यांच्यासाठीं राखून ठेवावा. अंगणांत भिंतीच्या सावलींत चार खुर्च्या मांडाव्या. त्या वेळीं स्नानें झालेलीं असतात, चेहरे टवटवीत असतात, आणि उजेडहि डोळ्यांस सोसवतो. कोणाकोणाचें छायाचित्र हवें याची यादी घरांतील एखाद्या जाणत्या पुतण्याच्या हातीं द्यावी. परक्या मनुष्याला आत्या कोणती आणि शेजारीण कोणती हें कसें कळावें? रंकाळ्यावर जावयाचेंच असेल, तर दुसरे दिवशीं खुशाल जावें. सूर्य उद्यांहि मावळणार आहे.

या बाबतींत आपल्या गांवचाच दाखला पुरेसा आहे. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या किरणोत्सवाच्या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून अंबाबाईच्या मूर्तीकडे येतात. तो सोहळा पाहण्यासाठीं लोक वेळेपूर्वीं जागा धरून उभे राहतात. किरणांच्या वाटेंतील अडथळे दूर व्हावे म्हणून खटपट केली जाते. पण देवीला कोणी किरणांकडे सरकवीत नाहीं. मंगलकार्यांतहि क्रम हाच असावा.

आमच्या त्या स्नेह्यांकडे येत्या माघांत धाकट्या मुलीचें कार्य आहे. मुहूर्त गोरजाचा धरला आहे. सकाळच्या छायाचित्रांची यादी त्यांनीं परवां आम्हांस दाखविली. तींत पहिलें नांव आजींच्या मागें राहिलेल्या आजोबांचें आहे.