गिझरचे थेंब : साधे कोणते, धोक्याचे कोणते?

गेल्या हिवाळ्यात आमच्या गिझरच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकू लागले. ते भिंतीत मुरून खालच्या ताईंच्या छताला ओल आली. लाजेपोटी मी एम-सील आणून व्हॉल्व्हचे तोंडच बुजवायला निघालो होतो. शेजारच्या वायरमन भाऊंनी वेळीच हात धरला.

बंधूभगिनींनो, पाणी तापले की फुगते. वाढलेला दाब बाहेर पडावा म्हणून हा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून चार थेंब पडले तर तो बिघाड नव्हे. तोंड बुजवले तर मात्र टाकी फुटू शकते. तिथे नळी जोडून पाणी मोरीत सोडावे. नळीचे तोंड उघडेच ठेवावे. गिझर बंद असतानाही पाणी गळत राहिले तर व्हॉल्व्ह दाखवून घ्यावा.

जोडनळीच्या आट्यांतून गळत असेल, तर वायसर किंवा नळी बदलून भागते. पण गिझरच्या बुडातून तांबूस, गंजाचे पाणी आले, तर टाकी सडली असे समजावे. तिची डागडुजी करत बसू नये.

गळती दिसताच कोरड्या हाताने आधी मेन स्विच बंद करावा, मग थंड पाण्याचा कॉक. अर्थिंग तपासून घ्यावे. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. पाणी क्षारांचे असेल, तर वर्षातून एकदा तो मेकॅनिककडून पाहून घ्यावा. गावी जाताना स्विच आणि कॉक, दोन्ही बंद करावेत.

ताईंच्या छताला रंग मीच लावून दिला. पगारातले पैसे गेले, पण शेजार टिकला.