हिरव्या मेणबत्तीचं वय

सोलापुरातल्या बहुतेक घरांत मेणबत्ती शिरली ती भारनियमनाचं बोट धरून. तिची जागा देवघरात नव्हती, स्वयंपाकघरातल्या खणात होती. वीज गेली की चाचपडत काडेपेटी शोधायची, उपड्या वाटीवर मेणाचे दोन थेंब पाडून मेणबत्ती त्यावर घट्ट उभी करायची आणि मुलांनी तिच्याभोवती पुस्तकं घेऊन बसायचं. रंग पांढरा. मेणबत्तीला दुसराही रंग असतो, हे अनेकांना वाढदिवसाच्या केकवर पाहूनच कळलं.

आता तीच मेणबत्ती काचेच्या बरणीत, रंगीत आणि सुवासिक होऊन भेटवस्तूंच्या दुकानांत आणि मोबाइलवरच्या बाजारात आली आहे. सोबत एक चिठ्ठी असते. हिरवी पैशासाठी, लाल प्रेमासाठी, पिवळी परीक्षेतल्या यशासाठी, काळी नजर उतरवण्यासाठी. वर ‘प्राचीन ज्ञान’ असा शिक्का. हा शिक्का खोटा आहे, आणि तो अडचणीत सापडलेल्या माणसाला विकला जातो.

या कोष्टकाचा माग काढत गेलं की वाट अमेरिकेत पोहोचते. हेन्री गमाश या नावाने ‘द मास्टर बुक ऑफ कँडल बर्निंग’ हे पुस्तक तिथे १९४२ साली निघालं. कृष्णवर्णीय वस्त्यांमधले तोडगे, बायबलमधली स्तोत्रं आणि राशींचे रंग यांची त्यात सांगड होती. १९७० मध्ये रेमंड बकलँड यांचं याच विषयावरचं पुस्तक आलं आणि पुढे अशा याद्या फोफावल्या. गरिबी आणि वर्णद्वेष सोसणाऱ्या त्या वस्त्यांनी एका मेणबत्तीत आधार शोधला, त्याचा आदरच वाटतो. पण ते ज्ञान प्राचीन नाही आणि आपलंही नाही. डॉलरची नोट हिरवी असते. सोलापूरकराच्या खिशातली पाचशेची नोट करडी आहे.

ज्या परंपरांमध्ये मेणबत्तीला खरोखर मान आहे, तिथेही रंग आभाळातून पडलेला नाही. नाताळाआधीच्या चार रविवारांसाठी चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचं चक्र ठेवतात. अनेक ठिकाणी त्यातल्या तीन जांभळ्या असतात, पश्चात्तापाच्या, आणि एक गुलाबी, आनंदाची. या प्रथेची सुरुवात जर्मनीतल्या हँबुर्गमध्ये झाली. योहान हिनरिक विखर्न हे धर्मोपदेशक तिथे निराधार मुलांचं घर चालवत. नाताळ कधी, असं मुलं रोज विचारत, म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर दिवस मोजायला मेणबत्त्या लावल्या. त्या लाल आणि पांढऱ्या होत्या. जांभळा-गुलाबी नंतर आला, चर्चच्या वर्षभराच्या रंगांशी मेळ घालत. वांद्र्याच्या माउंट मेरीला तर रंगापेक्षा आकाराला महत्त्व. सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मिळतात. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, ते तो वाहतो. वाहणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ.

सोलापुरात मेणबत्तीला सगळ्यात खोल अर्थ दिला तो बौद्ध वस्त्यांनी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या आणि अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला ते गेले. नव्या धम्माला नवे आचार हवे होते. जुन्या पूजेचा पसारा सोडलेल्या माणसांनी फूल, अगरबत्ती आणि मेणबत्ती उचलली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात चार पैशांत मिळणारी ही वस्तू लावायला पुरोहित लागत नव्हता, सोवळं लागत नव्हतं. विहारात ती तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे लावतात, त्रिसरण-पंचशील म्हणतात आणि उठतात. तिच्याकडे काही मागत नाहीत. नवस नाही, म्हणून फेडणंही नाही.

तिथे रंगही आहेत. पंचशील ध्वज १८८५ मध्ये श्रीलंकेत तयार झाला. त्यातला निळा करुणेचा, पिवळा मध्यम मार्गाचा, पांढरा शुद्धतेचा. पण निळ्याला आपल्याकडे जो अर्थ आहे, तो आंबेडकरी चळवळीच्या झेंड्याने आणि तो खांद्यावर घेऊन चाललेल्या पिढ्यांनी दिलेला आहे. कोणत्याही चिठ्ठीत तो मावणार नाही.

पांढऱ्याचंही तसंच. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, तेव्हा मानकरी आणि भक्त पांढरी बाराबंदी घालतात. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना प्रदक्षिणा आणि यण्णीमज्जन, म्हणजे तेलाचा अभिषेक. मग अक्षता सोहळा. मग होम मैदानावरचं होमप्रदीपन. तोच पांढरा ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेल्या बायांच्या लुगड्यांवर दिसतो, आणि एके काळी तोच विधवेच्या माथी मारला जात होता. एकाच शहरातला एकच रंग, पण उत्सवाचा वेगळा, स्मरणाचा वेगळा, अन्यायाचा वेगळा. मग पांढरी मेणबत्ती म्हणजे अमुकच, हे छापणारा कोण?

हातमाग आणि यंत्रमागांच्या या शहराला एक गोष्ट सहज पटेल. मेणबत्तीचा जीव सुतात आहे. १८२५ च्या सुमारास कँबासेरेस या फ्रेंच माणसाने वात पिळण्याऐवजी वेणीसारखी गुंफली. अशी वात जळताना वाकते, तिचं टोक ज्योतीबाहेर येऊन जळून जातं आणि काजळी कापत बसावं लागत नाही. रंगाचं काम मात्र नाजूक. मेणात तेलात विरघळणाराच रंग चालतो. न विरघळणारी भुकटी मिसळली तर तिचे कण वातीत अडकतात, वितळलेलं मेण वर चढत नाही आणि ज्योत मंदावते. रंग नीट उतरला तरी ज्योत पिवळीच राहते, कारण तो पिवळेपणा तापून लकाकणाऱ्या काजळीच्या कणांचा असतो. हिरवी लावा, लाल लावा, उजेड तोच.

एखादीला हिरवा रंग आवडतो म्हणून तिने संध्याकाळी हिरवी मेणबत्ती लावून दहा मिनिटं शांत बसावं, त्यात गैर काही नाही. आजाऱ्याच्या उशाशी कुणी पांढरी लावली तर तीही लावावी. आक्षेप चिठ्ठीला आहे. मंत्र-ताईत यांसारख्या तोडग्यांनी आजार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने लगाम घातला आहे. पैसा आणि परीक्षा यांच्या नावाने मेणबत्ती विकणाऱ्यांनी तेवढी लाज स्वतःहून बाळगावी. दहावीच्या तोंडावर पिवळी बरणी मागायला आलेल्या आईला दुकानदाराने ती जरूर दाखवावी, पण चिठ्ठी काढून, आणि आत काय आहे तेही सांगावं: मेण, सुताची वात, रंग आणि थोडं अत्तर.