ऱ्हासाची तक्रार आणि अनुवादावरचे पांडित्य

विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या परभाषाज्ञानाचा ऱ्हास झाला, हे विधान आपल्या समीक्षाव्यवहारात स्वयंसिद्ध मानले जाते. कोणाच्या तुलनेत, हे मात्र सांगितले जात नाही. निजामी राजवटीत जालन्याजवळच्या राजूरचा मराठी मुलगा १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात गेलाच, तर त्याला उर्दू माध्यमातून शिकावे लागे. इंग्रजी हा तेथे सक्तीचा विषय. पण तेथवर पोचणारे मूठभरच. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि ज्यांच्या घरात पूर्वी पाटीही आली नव्हती, त्यांची मुले हळूहळू एम. ए.च्या वर्गात बसू लागली. त्या मूठभरांशी या समुदायाची तुलना करणे हा निखळ तर्कदोष होय.

खरी हानी निराळीच आहे. फारसी-उर्दू वाचणारा मराठीचा अभ्यासक दुर्मीळ झाला. त्याबद्दल कोणी हळहळत नाही, कारण परभाषा म्हणजे इंग्रजी हे आपले गृहीतक. (निजामी दप्तरे मग वाचणार कोण?) आणि तक्रारकर्त्यांनी तरी सोस्यूर फ्रेंचमधून कोठे वाचला? त्याचा १९१६ चा ग्रंथ बहुतेकांना १९५९ च्या इंग्रजी अनुवादातून कळला. देरिदाचे ‘ऑफ ग्रामॅटॉलॉजी’ १९७६ च्या. राजूरच्या विद्यार्थ्याने तेच मराठीतून मागितले, की मात्र तो अपात्र ठरतो!