दंड त्यांना, हप्ते आपल्याला

जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील घोटाळ्याचा निकाल अखेर लागला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षे कैद आणि १०० कोटी रुपये दंड, दुसरे माजी मंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षे कैद. ज्यांच्या शब्दाबाहेर जळगावात पान हलत नव्हते, त्यांना कायद्याने हात लावला. या निकालाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. दोषींना वरच्या न्यायालयाचे दार उघडे आहे, तो त्यांचा हक्क आहे. पण जळगावकराने इतकी वर्षे या घोटाळ्याचे हप्ते खिशातून भरले, त्याची भरपाई कोण करणार?

योजना ११,४२४ घरांची होती. उभी राहिली जेमतेम दीड हजार. पालिकेच्या नावावर नसलेल्या जमिनीवर काम सुरू झाले, ठेकेदाराला २९ कोटींहून अधिक रक्कम बिनव्याजी आगाऊ दिली गेली. घरकुलासाठी आणि इतर योजनांसाठी ‘हुडको’ या सरकारी वित्तसंस्थेकडून काढलेले कर्ज मात्र शहराच्या मानेवर बसले. त्या कर्जापायी महापालिकेची बँक खाती गोठली. महिन्याला तीन कोटींचा हप्ता तिजोरीतून जात राहिला. तिजोरी म्हणजे तुमची-आमची घरपट्टी आणि नळपट्टी. ज्या झोपडीधारकाला घर मिळायचे होते, त्याला घर मिळाले नाही, पण नळपट्टी भरताना त्यानेही हा हप्ता भरला. पिंप्राळ्यात एका वस्तीचे नावच ‘हुडको’ आहे. रिक्षावाल्याला पत्ता सांगतानासुद्धा जळगावकर सावकाराचे नाव घेतो. कर्ज गावाच्या इतके अंगवळणी पडावे, ही शरमेची गोष्ट आहे.

दोषींमध्ये तत्कालीन नगरसेवकांचा मोठा भरणा आहे. नेत्याने डोळ्यांनी खुणावले आणि यांनी हात वर केले. जागा कोणाची, आगाऊ रक्कम कशासाठी, असे एकाने जरी खडसावून विचारले असते तरी ठराव अडला असता. ‘आम्हाला काही ठाऊक नव्हते’ ही सबब आता कोणत्याही सभागृहात चालणार नाही. विषयपत्रिका न वाचता हात वर करणारा प्रत्येक नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि बँकेचा संचालक यांनी हा निकाल घरी नेऊन वाचावा. हात वर केला की सहीइतकीच जबाबदारी येते.

आणि हे उघड कोणी केले? राजकारण्यांनी नव्हे. जळगाव महापालिकेचे तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये फिर्याद दिली. त्यानंतर सहा वर्षे ती धूळ खात पडली. २०१२ मध्ये अटकसत्र झाले आणि निकालाला २०१९ उजाडले. एका फिर्यादीला साडेतेरा वर्षे! तेवढ्यात पहिलीतले पोर कॉलेजात गेले. सगळ्या पक्षांची सरकारे येऊन गेली आणि या दिरंगाईत सगळ्यांचा वाटा आहे.

२०१८ मध्ये जळगावकरांनी महापालिकेतली जुनी सत्ता उलथवून भाजपला ७५ पैकी ५७ जागा दिल्या. त्यानंतरच्या वर्षभरात बदलले काय? ‘अमृत’ योजनेच्या जलवाहिनीसाठी खोदलेले रस्ते बुजले नाहीत. शिवाजीनगरचा पूल फेब्रुवारी २०१९ पासून बंद होता, पलीकडच्या वस्तीला शाळा-दवाखान्यासाठी वळसा घालावा लागत होता. व्यापारी संकुलांतील गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली, तो गुंता २०१९ मध्येही तसाच होता. धुळ्याची अवस्था याहून बरी नव्हती. तिथे नळाला पाणी कधी आठ-आठ दिवसांनी येत होते आणि ते आले की बाया रात्री दोनला उठून पिंप भरत. अमळनेरची प्रताप मिल बंद पडली, साक्रीचा पांझरा-कान साखर कारखाना बंद पडला, शिरपूरचा बंद पडला. लोकांच्या भागभांडवलावर उभ्या राहिलेल्या संस्थांनाही एकेका घराची जहागीर समजले गेले. कापूस आणि केळी पिकवणाऱ्या या सुपीक मुलखातली पोरे म्हणून आज सुरत आणि पुण्याच्या गाड्या धरतात. खान्देशच्या मातीत कस आहे, पाण्याचीही तजवीज होऊ शकते. इथल्या संस्थांना हिशेब विचारणारे कोणी उरले नाही, हेच या मुलखाचे खरे दुखणे आहे.

म्हणून नुसत्या निकालावर समाधान मानता येणार नाही. वसूल होणारा दंड सरकारी तिजोरीत जिरवू नका, तो जळगावने भरलेल्या हप्त्यांपोटी महापालिकेला द्या. राज्य सरकारने तशी भूमिका न्यायालयात घ्यावी. अर्धवट सोडलेल्या घरकुलांचे काय करणार, ते महापालिकेने तारखेसह सांगावे. यापुढे कोट्यवधींचा कोणताही ठराव मंजूर होण्याआधी पंधरा दिवस पालिकेच्या दारावर लावावा आणि कोणी हात वर केला, त्याचे नाव खाली लिहावे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला दारातच थांबवून एवढे विचारा : दंड त्यांना झाला, मग आमच्या हप्त्यांची भरपाई कधी होणार?