मुलूख आमचा, दप्तर परक्याचे – हे किती दिवस?



ज्याच्या जमिनीचे कागद दुसऱ्याच्या पेटीत, त्याने चावडीवर कितीही घसा कोरडा केला तरी निकाल कागदाकडे बघूनच लागतो. हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. भाषेच्या आणि मुलखाच्या भांडणातही कायदा हाच. म्हणून या अंकात आम्ही विद्यापीठांविषयी लिहीत आहोत.

कुणी म्हणेल, साच्यावर उभे राहणाऱ्यांना विद्यापीठाची उठाठेव कशाला? चार इयत्ता शिकलेल्यांनी पदवीच्या अभ्यासक्रमात का नाक खुपसावे? आमचं उत्तर सरळ आहे. विद्यापीठे चालतात ती आमच्या घामाच्या पैशावर, आणि तिथे ज्याचा अभ्यास होतो किंवा होत नाही, तो मुलूख आमचा आहे. तेव्हा विचारण्याचा हक्कही आमचाच.

प्रादेशिक अभ्यास म्हणून एक विद्या आहे. एक मुलूख घ्यायचा आणि त्याची भाषा, इतिहास, शेती, धंदे, जाती, देवदेवता, राजकारण हे सगळे एकत्र शिकायचे. आधी भाषा शिका, मग त्या लोकांत जाऊन राहा, मग लिहा, अशी तिची रीत. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठात नॉर्मन ब्राऊन यांच्या पुढाकाराने १९४८ साली दक्षिण आशियाच्या प्रादेशिक अभ्यासाचा स्वतंत्र विभाग निघाला. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका दचकली. दुसऱ्याच वर्षी, १९५८ साली, तिने ‘राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा’ केला आणि परमुलखाच्या भाषा शिकवणाऱ्या केंद्रांना सरकारी तिजोरी उघडून दिली. कायद्याच्या नावातच ‘संरक्षण’ आहे! आमच्या प्रेमापोटी हा खर्च झाला, असे समजण्याचे कारण नाही.

आता पुस्तके कशी गेली ते ऐका. १९५४ च्या पी. एल. ४८० कायद्याखाली अमेरिकेचा गहू या देशात येऊ लागला. त्याचे मोल आपण रुपयांत भरले. त्या रुपयांतून १९६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने दिल्लीत कचेरी थाटून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेतली आणि तिकडच्या विद्यापीठांना धाडली. आमच्या वडीलधाऱ्यांनी रेशनच्या रांगेत उभे राहून तो गहू घेतला, आणि त्याच्या पैशात मराठी पुस्तके समुद्रापार जाऊन कपाटात नीट लागली. इकडे आमच्या तालुक्याच्या वाचनालयात त्यांतली किती पुस्तके आज सापडतील, ते ज्याचे त्याने जाऊन बघावे.

त्या परदेशी विद्वानांना आम्ही बोल लावत नाही. उलट त्यांच्या मेहनतीला आमचा रामराम आहे. एलिनॉर झेलियट बाईंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीवर १९६९ साली प्रबंध पुरा केला. हायडलबर्गचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर फिरले, आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मन भाषेत निघाला. मॅक्सीन बर्नसन बाई तर फलटणला आल्या त्या इथल्याच झाल्या; मराठी शिकू पाहणाऱ्या परक्यांसाठी त्यांनी पाठ्यपुस्तके केली आणि गावच्या पोरांसाठी शाळा काढली. सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसांनी आमची भाषा शिकून आमची माणसे ओळखली. मग घरच्यांना काय झाले? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच!

परक्याने केलेली नोंद ही परक्याच्या गरजेपुरती असते, हे मात्र विसरू नका. इंग्रजाने गॅझेटिअरे लिहिली. बेळगाव जिल्ह्याचे १८८४ साली निघाले. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीचा मराठीवरचा खंड १९०५ सालचा. कामे मोठी झाली, शंका नाही. पण इंग्रजाला वसूल गोळा करायचा होता आणि राज्य चालवायचे होते. रयतेला काय हवे, हा प्रश्न त्याच्या वहीत नव्हता.

आपल्यात ही विद्या नव्हतीच, असेही नाही. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव पायपीट करत हिंडले. डॉ. केतकरांनी ज्ञानकोश उभा केला. पुण्याच्या गोखले संस्थेतून धनंजयराव गाडगीळांनी पुण्याची घरोघर पाहणी केली: कोण काय कमावतो, कुठे राहतो, काय खातो. आणि तेच गाडगीळ संयुक्त महाराष्ट्र परिषदेची बाजू मांडायला पुढे आले. पाहणी करणारा हात आणि मागणी करणारा हात एकच झाला, तेव्हा आमच्या बोलण्याला वजन आले.

आज सीमेवर नेमके तेच वजन पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, कारवारचा मराठी मुलूख म्हैसूर राज्यात घातला गेला. आंध्र आणि मद्रासच्या वादात १९५७ साली पाटसकरांनी खेडे हा घटक धरून सीमा आखली. तीच कसोटी आम्हांला लावा, एवढंच आमचं म्हणणं. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात ते मानले नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. बंधूंनो, खेडे हा घटक म्हणायचे, तर खेडे माहीत असायला नको का? घरात कोणती बोली, बाजार कोणत्या गावचा, सोयरीक कुठल्या मुलखात, पोरगी शिकते कोणत्या भाषेत? ही माहिती घोषणेतून निघत नाही. ती गावात राहून, घरोघर विचारून, वर्षानुवर्षे टिपून निघते. यालाच प्रादेशिक अभ्यास म्हणतात.

गिरणगावाची गोष्ट वेगळी नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपावरचा मोठा ग्रंथ व्हॅन वर्श या डच अभ्यासकाने लिहिला, १९९२ साली, इंग्रजीत. मुंबईच्या गिरण्या, जॉबर आणि बदली कामगार यांचा इतिहास राजनारायण चंदावरकर यांनी केंब्रिजमध्ये बसून लिहिला, १९९४ साली, तोही इंग्रजीत. नीरा आडारकर आणि मीना मेनन या बायांनी चाळीचाळींतून कामगारांच्या हकिगती गोळा केल्या. ते पुस्तकही २००४ साली आधी इंग्रजीतच निघाले, मग मराठीत आले. म्हणजे कापड विणले आम्ही, अंगात घातले दुसऱ्यांनी, आणि आमच्या वाट्याला उशिराने चिंधी!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला. रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले. आनंद आहे. पण हारतुऱ्यांनी पोट भरत नाही. आजही बहुतेक ठिकाणी मराठी विभागात कादंबरी, इतिहास विभागात लढाया, भूगोल विभागात पाऊसपाणी. एका खोलीचा पत्ता दुसऱ्या खोलीला नाही. ताणा एकीकडे, बाणा दुसरीकडे. त्याचे कापड कसे व्हावे?

म्हणून आमच्या मागण्या अशा:

एक – महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठात प्रादेशिक अभ्यासाचा पुरा अभ्यासक्रम असावा आणि तो मराठीतून शिकवावा. कोकणच्या पोराला कोकण, मराठवाड्याच्या पोराला मराठवाडा नीट कळला पाहिजे.

दोन – विद्यार्थ्याने काही महिने खेड्यात किंवा कामगार वस्तीत राहून पाहणी केल्याशिवाय पदवी मिळू नये. सीमाभागापासून सुरुवात करा.

तीन – शेजारची एक भाषा सक्तीची असावी: कानडी, कोकणी, तेलुगू, गुजराती, गोंडी. कानडी कामगार आमचा वैरी नाही. त्याची भाषा ज्याला येते, त्याचीच पाहणी खरी धरली जाईल.

चार – ज्या गावाची माहिती घेतली, त्या गावाच्या वाचनालयात मराठी प्रत ठेवावी. देशी असो की परदेशी, हा नियम सर्वांना.

पाच – दिवसपाळी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग काढावेत. आमची माणसे पाहणीत नुसती उत्तरे देणार नाहीत. प्रश्नही तीच विचारतील.

कुलगुरूंना, सिनेटच्या सभासदांना, आमदारांना आम्ही विचारतो: यातली कोणती मागणी अवाजवी आहे? पैसा नाही म्हणाल, तर पुतळ्यांना आणि मंडपांना कुठून येतो तो दाखवा. वेळ नाही म्हणाल, तर १९५६ पासून वाट बघणाऱ्या सीमाभागातल्या म्हाताऱ्यांना तोंड दाखवून तेच सांगा.

आणि वाचकहो, तुमच्यावरही काम आहे. मत मागायला येईल त्याला विचारा, आमच्या मुलखाचा अभ्यास कुठे चालतो? घरातले जुने कागद, दाखले, पत्रे रद्दीत घालू नका. म्हाताऱ्यांचे बोलणे वहीत उतरवून ठेवा. विद्यापीठ जागे होईपर्यंत ही वही तुमच्या घरात चालू राहिली पाहिजे.