राजभवन सत्तापक्षाचे नव्हे

२००४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला १४५, तर भाजपला १३८ जागा मिळाल्या. सरकार बदलले, हे लोकशाहीला धरूनच झाले. परंतु जुलैमध्ये उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा व गोवा येथील राज्यपालांना मुदतीपूर्वीच पदावरून दूर करण्यात आले. त्यांचा अपराध कोणता? नव्या सत्ताधाऱ्यांशी न जुळणारी विचारसरणी! माजी खासदार बी. पी. सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. राज्यपाल हा केंद्राचा नोकर नव्हे, केवळ विचारभिन्नतेमुळे त्याला हटविता येणार नाही, असा निर्वाळा घटनापीठाने दिला. पण मे २०१० मध्ये! तोवर चौघांच्याही मुदती उलटून गेल्या होत्या. २०१४ च्या सत्तांतरानंतर काही राज्यपालांनी राजीनामे दिले. हीच कसोटी तेव्हाही लागू होती. सत्ता आपल्या विचारांची आहे म्हणून ती शिथिल होत नाही.