नाही हो, कार्यक्रम नसतो!

"मग काय, कार्यक्रम कधी तुझा?"

मी फिडल वाजवते हे कळलं की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न हाच. मावशीने फोनवर विचारला, नवऱ्याच्या मित्रांनी विचारला, इथल्या मंडळात तर दर गणपतीला कुणी ना कुणी विचारतंच. "कार्यक्रम नसतो" म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरा उतरतो. पुढचे प्रश्नही ठरलेले. परीक्षा असतात का? कितवी झाली? ऐकायला किती लोक येतात? आणि सगळ्यात शेवटी, आवाज थोडा खाली आणून, "मग उपयोग काय गं?"

तर आज या "उपयोग काय"चा एकदाचा समाचार घ्यायचा आहे. नातेवाईक मंडळींनी राग मानू नये. (मानायचाच असेल तर निदान शेवटपर्यंत वाचून माना. :) )

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या पूर्वेकडे अ‍ॅपलाचियन डोंगररांगा आहेत. वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनियाचा नैर्ऋत्य कोपरा, आमच्या नॉर्थ कॅरोलायनाचा पश्चिम भाग, केंटकी, टेनेसी असा हा पट्टा. स्कॉटलंड, आयर्लंड, इंग्लंडहून इथे आलेल्या लोकांनी फिडल आणलं. फिडल म्हणजे व्हायोलिनच, वाद्य तेच, फक्त वाजवण्याची रीत वेगळी. बॅन्जोचं मूळ मात्र आफ्रिकेत. गुलाम करून आणलेल्या माणसांनी ते वाद्य इथे घडवलं. फिडल आणि बॅन्जो एकत्र आले, शेजारपाजारच्या नाचांना वाजू लागले, आणि त्यातून जे संगीत तयार झालं त्याला आज ओल्ड-टाइम म्हणतात.

ब्लूग्रास वेगळं, बरं का. ते १९४० च्या दशकात बिल मन्रो आणि त्याच्या साथीदारांनी रेडिओ आणि रंगमंचासाठी घडवलं. त्यात एकेक वादक पुढे येतो, आपली करामत दाखवतो आणि टाळ्या घेऊन मागे जातो. ओल्ड-टाइममध्ये कुणी पुढे येत नाही, कारण 'पुढे' अशी जागाच नसते. खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात, तोंडं आत. बाहेरून ऐकणाऱ्याला पाठीच दिसतात. एकजण चाल सुरू करतो, बाकीचे तीच चाल त्याच्याबरोबर वाजवतात. चालीचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, सगळं मिळून साधारण अर्ध्या मिनिटात संपतं. मग पुन्हा पहिल्यापासून. मग पुन्हा. दहा वेळा, पंधरा वेळा. ज्याने सुरुवात केली त्याने पाय वर उचलला की समजायचं, ही शेवटची फेरी.

"एवढं एकच पंधरा वेळा? कंटाळा नाही येत?" हा आक्षेप मला मान्य आहे. ऐकणाऱ्याला येतो. पण हे संगीत मुळात खुर्चीत बसून ऐकणाऱ्यासाठी नाहीच! पहिल्या तीन फेऱ्यांत नवखा माणूस नुसता चाचपडतो. चौथ्या-पाचव्या फेरीत त्याला सांगाडा सापडतो. आठव्या फेरीत गज आपोआप वळायला लागतो आणि बाराव्या फेरीला ती चाल त्याची झालेली असते. म्हणजे ज्याला तुम्ही कंटाळवाणी पुनरुक्ती म्हणता, ती इथली शाळा आहे. फी नाही, वही नाही, नोटेशन नाही. शेजारी बसा आणि कान उघडे ठेवा.

आणि आपल्या माणसाला यातलं काही परकं वाटू नये. इथे 'ए' स्वरातल्या चालींसाठी फिडलच्या तारा बऱ्याचदा ए-ई-ए-ई अशा लावतात. म्हणजे काय? सा-प-सा-प! आपल्याकडेही व्हायोलिन षड्ज-पंचमातच लावतात. लहानपणी नाशिकला सहा वर्षं व्हायोलिन शिकलेल्या मला, पहिल्यांदा तसं लावलेलं फिडल हातात आलं तेव्हा, घरचंच कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. मोकळी तार सतत बाजूला गुणगुणत ठेवायची इथली सवयही तंबोऱ्याशेजारी वाढलेल्या कानाला लगेच पटते.

आता मुद्द्यावर येते. कार्यक्रम नसेल तर संगीत टिकणार कसं, असं तुम्हाला वाटतं. मी म्हणते, हे संगीत टिकलं ते कार्यक्रमांवाचून, देण्याघेण्यावर. नुसतं बोलत नाही, उदाहरणं देते.

व्हर्जिनियात ग्लेन लिन नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथे हेन्री रीड (१८८४-१९६८) नावाचे गृहस्थ राहायचे. त्यांचं नाव जगात कुणाला ठाऊक नव्हतं. लहानपणी ते क्विन्स डिलियन नावाच्या एका म्हाताऱ्याकडून चाली शिकले होते, आणि हा डिलियन मेक्सिकोच्या युद्धात (१८४६-४८) पलटणीत बासरी वाजवणारा माणूस! १९६६ मध्ये ड्यूक विद्यापीठातला एक तरुण विद्यार्थी टेपरेकॉर्डर घेऊन रीड यांच्या घरी पोचला. त्याचं नाव अ‍ॅलन जबूर. फ्लोरिडात वाढलेला, पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिन शिकलेला. रीड तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांनी हातचं राखून काही ठेवलं नाही. जबूरने चाली नुसत्या टेपवर घेतल्या नाहीत, स्वतः शिकला, इकडे डरहॅमच्या आपल्या मित्रांना शिकवल्या, त्यांच्या बँडने त्या वाजवल्या. 'ओव्हर द वॉटरफॉल' ही त्यातलीच एक चाल. आज ती देशोदेशीच्या बैठकांत वाजते. मला ती डरहॅममधल्या एका शेजारणीने तिच्या स्वयंपाकघरात बसून दिली. ती मध्येच उठून ओव्हनमधली बिस्किटं बघून यायची, तोवर मी आधीच्या दोन ओळी घोकायचे.

जबूर पुढे अमेरिकन फोकलाइफ सेंटरचे पहिले संचालक झाले, आणि रीड यांची ध्वनिमुद्रणं लायब्ररी ऑफ काँग्रेसने सगळ्या जगाला फुकट ऐकता येतील अशी इंटरनेटवर ठेवली. उत्तमच झालं. पण एक लक्षात घ्या, या चाली जिवंत आहेत त्या कपाटामुळे नाहीत. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आयुष्य घालून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण जातं गेलं तशी ओवी माजघरातून उठली. संग्रह आठवण राखतो. चाल जिवंत ठेवायला मात्र पुढचा गळा नाहीतर पुढचा हात लागतो.

दुसरं उदाहरण टॉमी जॅरेल यांचं (१९०१-१९८५). माउंट एअरीजवळच्या टोस्ट गावचे. (हो, गावाचं नाव खरंच टोस्ट!) नोकरी राज्याच्या रस्तेखात्यात, रस्ता सपाट करणारं यंत्र चालवायची. १९६६ मध्ये निवृत्त झाले आणि मग देशभरातून तरुण पोरं त्यांच्या दारात यायला लागली. बऱ्याच पोरांचे केस लांब, विचार उलटे, त्या गावाच्या चालीरीतींशी काही संबंध नाही. जॅरेल यांनी त्यांना घरात घेतलं, खाऊ घातलं, आणि गज कसा फिरवायचा ते दिवसदिवस दाखवलं. १९८२ मध्ये त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला, पण तोपर्यंत त्यांचा हात शेकडो हातांत पोचलेला होता.

आता दुसरी बाजू, कारण देणंघेणं म्हटलं की सगळं गोडगोड असतं असं नाही. १९१३ पासून अटलांटात फिडलवाल्यांचे मोठे मेळावे भरायचे. रंगमंच, बक्षिसं, वर्तमानपत्रात नावं, सगळा थाट. स्पर्धेत काळ्या वादकांना मात्र जागा नाही. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या आल्या. त्यांनी काळ्यांच्या तबकड्या एका यादीत घातल्या, गोऱ्यांच्या दुसऱ्या, आणि फिडल-बॅन्जो टाकलं गोऱ्यांच्या यादीत. हे गोऱ्यांचंच संगीत असा समज त्यातून पक्का झाला. बॅन्जो ज्यांनी आणला त्यांनाच घराबाहेर काढलं की हो! आणि हे केलं कुणी? रंगमंचाने आणि बाजाराने.

त्या पुसलेल्या धाग्याचं टोक उरलं ते एका घरात. नॉर्थ कॅरोलायनातल्या मेबेन गावचे जो थॉम्पसन (१९१८-२०१२), काळे फिडलवादक, फर्निचरच्या कारखान्यात आयुष्यभर नोकरी केलेले. २००५ मध्ये तीन तरुण काळे कलाकार, रिअ‍ॅनन गिडेन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन, दर गुरुवारी त्यांच्या घरी जाऊन बसायला लागले. शिकवणी नव्हे, सोबत वाजवणं. त्यातून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' उभं राहिलं आणि २०११ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं. तुम्ही म्हणाल, "बघ, शेवटी रंगमंच आलाच ना?" आला की! पण तो शेवटी आला. आधी गुरुवार होते.

म्हणून बैठकीतला एक रिवाज मला फार मोलाचा वाटतो. चाल देताना ती कुणाकडून मिळाली ते सांगायचं. देणाऱ्याचं नाव पुढे नेणं एवढीच इथली किंमत. आपल्याकडे घराण्यांत चिजा लपवून ठेवायचे, पोटच्या पोरालाच द्यायचे. भातखंड्यांनी उस्तादांचे उंबरे झिजवून चिजा मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापून सगळ्यांसाठी खुल्या केल्या. त्यांनाही नावं ठेवणारे होतेच. पण आज हजारो विद्यार्थी कुणाच्या जिवावर शिकतायत?

इथे कुणीतरी म्हणणार, "म्हणजे रियाज नको, दर्जा नको, सगळे सारखेच?" तसं मी म्हणत नाहीये. रागसंगीताची खोली वेगळी, त्याला एकट्याची तपश्चर्या लागते आणि जाणकार श्रोताही लागतो. मैफिलीला माझा विरोध नाही, तिकीट काढून जाते मी. माझा विरोध आहे तो मैफील हाच संगीताचा एकमेव हेतू आहे या समजुतीला. सगळ्यांनी स्वयंपाक करावा तो काय हॉटेल काढायला?

या समजुतीची किंमत आपण कशी मोजतो ते सांगते. माझा भाचा हार्मोनियम शिकत होता. परीक्षा दिल्या, पहिला वर्ग मिळाला, स्पर्धेत ढाल मिळाली, फोटो आम्ही सगळ्यांनी एकमेकांना पाठवले. बारावीचं वर्ष आलं, क्लास थांबला, आणि पेटी माळ्यावर गेली ती आजतागायत तिथेच आहे. गोड हात होता त्याचा. पण इतक्या वर्षांत त्याला कुणीही म्हटलं नाही की, "ये, बस, आपण दोघं मिळून वाजवू." सगळे म्हणाले, "वाजवून दाखव." दाखवायचं संपलं तेव्हा वाजवायचंही संपलं. अशा पेट्या तुमच्याही माळ्यावर असतील. एकदा मोजा.

शेवटी तो नेहमीचा टोमणा: "आपलं सोडून त्यांचं कशाला?" मंडळी, जबूर तरी त्या डोंगरातला कुठे होता? चाल रक्तातून येत नाही, शेजारून येते. मी जिथे राहते तिथले शेजारी हे आहेत आणि त्यांनी मला काही न विचारता गोलात खुर्ची सरकवून दिली. मीही गेल्या वर्षी त्यांना एक गवळण दिली, चालीपुरती. सा-प-सा-पवर छान बसते हो! आजीकडून आलेली आहे हेही सांगितलं. आता आजीचं नाव ते त्यांच्या उच्चारात घेतात.

तेव्हा या दिवाळीत एवढं करून बघा. माळ्यावरची पेटी काढा, असतील ती चार माणसं गोलात बसवा, तोंडं आत. एकच अभंग घ्या, सगळ्यांना येतो असा, आणि पंधरा वेळा म्हणा. कुणी मोबाइलवर शूटिंग करायला उभा राहिला तर त्याच्या हातात टाळ द्या.